करडईच्या वहीतले शेरे

करडईच्या वाफ्यातून चालून आलं की काटे कपड्यांत राहतात. त्या वेळी कळत नाही. घरी येऊन मांडी घालून बसलं की मग एकेक टोचायला लागतो. दादाचे किस्से माझ्याजवळ तसेच साठलेत. त्याला जाऊन चार महिने झाले. कुठेही टेकलो की एक टोचतो. परवा एसटीत टोचला आणि मी एकटाच मोठ्याने हसलो, तर शेजारच्या म्हाताऱ्याने पिशवी उचलून दुसरी सीट धरली.

भागीकाकी म्हणते, "काटो आत ठेवू नको. कोणाक तरी सांगून टाक." म्हणून सांगतो.

दादा म्हणजे सुधाकर, माझा थोरला भाऊ. तो शेतकी शिकलेला, मी सातवी नापास. कुडाळहून मालवणला जाताना रस्त्याच्या आत, भातखाचरांच्या मधोमध एक सरकारी संशोधन केंद्र आहे. गावात त्याला सगळे फारम म्हणतात. दादा तिथे सहाय्यक होता. आमच्याकडे भात कापलं की जमीन पुढच्या पावसापर्यंत नुसती पडून असते. तिथे घाटावरची करडई येते का, तिच्या पाकळ्या औषधाला चालतात का, आणि पाकळ्या तोडल्या तर बी कमी भरतं का, एवढं बघायचं होतं. सहा वाफे, तीन वर्षं, एक वही. वरून लेखी आलं होतं की तिन्ही वर्षांची वही पूर्ण पाहिजे. एक वर्ष अपुरं राहिलं तर आधीचीही फुकट, प्रयोग बंद, आणि जागा काजूच्या कलमांना. दादाचा जीव त्या वहीत होता.

वहीवर सही करायचे गायकवाड साहेब. सोलापूरकडचे. करडईच्या रानात वाढलेले. दर पंधरा दिवसांनी यायचे. त्यांचा एकच नियम. रिकामा रकाना चालायचा नाही. आकडा नसेल तर शेवटच्या रकान्यात कारण पाहिजे. त्या रकान्यावर 'शेरा' असं छापलेलं असतं. "आकडा तरी लिहा नाहीतर कारण लिहा. दोन्हीपैकी एक असलं की माझ्या लेखी वही पूर्ण," असं साहेब म्हणायचे.

दादाने तो नियम फार मनावर घेतला.

*

पहिल्या वर्षी बियाणं आलं तेव्हा गावात करडई कोणी बघितलेलीच नव्हती. पांढरं, चकचकीत, बारक्या शिंपल्यासारखं बी. फारमावर कामाला येणाऱ्या बायकांची पुढारी भागीकाकी. तिला पुढारी कोणी नेमलं नव्हतं, पण तिला विचारल्याशिवाय कोणी विळाही उचलत नसे. तिने बी तळहातावर घेतलं, नखाने खरवडलं.

"ह्या खातत काय लावतत?"

"काकी, ह्याचा तेल काढतत," दादा म्हणाला.

"कित्याक? खोबऱ्याचा संपला?"

गावाला करडई माहीत नव्हती, पण पोपटांना होती. बोंडं भरली आणि कुठून कुठून थवे आले. डबे वाजवून बायकांचे हात दुखले. शेवटी मोजणी झाली तेव्हा दादाने लिहिलं, "वाफा दोन, नऊ बोंडे: पोपट (स्थानिक)."

साहेबांनी चष्मा वर केला. "परब, स्थानिक म्हणजे काय?"

"सर, घाटावरचे असते तर एवढ्या नवलाने खाल्ले नसते."

साहेबांनी सही केली.

*

दुसऱ्या वर्षी मी फारमावर आलो. त्याआधी तोंडवलीला रापणीवर होतो, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायचं काम. तिथला तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, एकदा माझ्या आईवरून बोलला. मी त्याला त्याच्याच ओल्या जाळ्यात ढकलला आणि चालत घरी आलो. आता दादा ओरडणार म्हणून मी जेवलोच नाही. त्याने सकाळी उठवलं आणि म्हणाला, "दर्यावांगडा भांडून झाला. आता चल, काट्यांवांगडा भांड."

पहिल्याच दिवशी हाताला काटे लागले तसा मी भडकलो आणि एका झाडाला सणकून लाथ घातली. पायात चप्पल नव्हती.

दादाने माझा पाय मांडीवर घेतला आणि बांधावर बसून एकेक काटा उपटला. उपटताना मोजत होता. बायका बघत होत्या. "अकरा," तो म्हणाला. "तांडेलान किती दिल्यान होते?"

वहीत लिहिलं, "वाफा तीन, एक झाड आडवे: बाबल."

बाबल म्हणजे मी. सरकारी कागदावर माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं.

*

करडई दाट उगवली की मधली रोपं उपटून विरळणी करतात. बायका ती रोपं बांधावर फेकत होत्या. साहेब कळवळले. "अहो, फेकताय काय? आमच्याकडे याची भाजी करतात."

काकी म्हणाली, "काटे खावचे?"

"कोवळेपणी काटे नसतात, काकी. मोठी झाल्यावर येतात."

"माणसांसारख्याच मगे," काकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसाठी डबा घेऊन आली. साहेबांनी झाकण काढलं, वास घेतला आणि थबकले. भाजीवर ओलं खोबरं होतं, आणि आत काहीतरी गुलाबी होतं.

"काकी, करडईच्या भाजीत मासे?"

"मासे खंय, साहेबानू? ती सुकट."

सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. आमच्याकडे तिला मासे म्हणत नाहीत. साहेबांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि डबा स्वतः विहिरीवर धुऊन दिला.

आठवड्याभराने दादा वाफा एकमध्ये गेला तर सहावी ओळ अख्खी गायब. बायका आभाळाकडे बघायला लागल्या. दादाने कोणाला विचारलं नाही. लिहिलं, "वाफा एक, ओळ सहा: भाजी."

साहेबांनीही विचारलं नाही. तोवर त्यांना अजून दोन डबे पोचले होते.

*

पाकळ्या तोडायचं काम नाजूक. फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं. दोन-चार दिवसांनी केशरी, मग लाल होतं. लाल झालं की पाकळ्या ओढून घ्यायच्या, खालचं बोंड बियांसाठी ठेवायचं. पण बोंडाभोवती काटेच काटे. साहेब म्हणाले, "आमच्याकडे बायका दिवस उगवायच्या आत रानात हजर असतात. दवाने काटे मऊ पडतात. उन्हं आली की हात लावता येत नाही. उद्यापासून सहाला या."

काकी म्हणाली, "घोवाक पेज घालूची, पोरांक शाळेत धाडूचा, मगे येतलंव. नऊ वाजतले."

"नऊला हात रक्ताळतील."

"बघूया."

त्या नऊला आल्या, साडेनऊपर्यंत गाणी म्हणत टोपल्या भरल्या, आणि कोणाच्या हातावर ओरखडासुद्धा नाही. साहेबांना हे पटेना. मग त्यांनी स्वतः तपासायचं ठरवलं. चार दिवस फारमाच्या खोलीत मुक्काम केला. सकाळी सहापासून दर अर्ध्या तासाने एका काट्यावर उजव्या हाताचं बोट दाबायचे, आणि दादा शेजारी घड्याळ धरून उभा.

"साडेसात?"

"मऊ."

"साडेआठ?"

"मऊ."

"साडेनऊ?"

"मऊच की!"

"दहा, सर?"

साहेबांनी तोंडातल्या तोंडात जे उत्तर दिलं ते दादाने लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी बोट वांग्याएवढं सुजलं. दादाने लिहिलं, "दव जास्त असल्याने काटे साडेनऊपर्यंत मऊ. साहेबांनी स्वतः अनुभवले." त्या पानावरची सही डाव्या हाताची आहे.

काकीने बोटाला हळद लावली. "आधी माका इचारूचा होता, साहेबानू. बोट वाचला असता."

*

माझं काम फुलं मोजायचं. प्रत्येक वाफ्यात पाच खुणेची झाडं होती. त्यांच्यावर आज नवी किती उमलली ते रोज सकाळी बघायचं. मोजायला मी पक्का, पण लिहायला बसलो की रकाने चुकायचे. चारचं पाचात, पाचाचं तिनात. दोनदा पान फाडावं लागलं. मग मी माझी पद्धत काढली. बारीक सुंभ घेतलं. एका फुलाला एक गाठ, दिवस संपला की दुहेरी गाठ. प्रत्येक वाफ्याचं सुंभ वेगळं. घरी पडवीच्या भिंतीत सहा खुंट्या ठोकल्या आणि ती तिथे टांगायला लागलो. संध्याकाळी दादा चहा पितापिता गाठींवरून बोट फिरवायचा आणि आकडे वहीत उतरवायचा.

साहेब घरी आले तेव्हा त्यांनी ते बघितलं. "हे काय आहे?"

"सर, ही कच्ची वही."

साहेबांनी एक सुंभ चिमटीत धरून सरकवत नेलं. "यात खाडाखोड करता येत नाही. चांगली आहे."

मला ते ऐकून वाटलं, मीही शेतकी शिकलेला आहे.

आणि मग माती खाल्ली. पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ होता आणि मला सकाळची गाडी पकडायची होती. पाच वाफे झाले, सहाव्यात मी गेलोच नाही. काजूच्या सावलीत बसून अंदाजाने गाठी मारल्या. काल चार होती, परवा पाच, म्हणजे आज पाच.

संध्याकाळी परत आलो तर दादा पडवीत बसला होता. सहाव्या सुंभावर त्याचं बोट थांबलेलं.

"बाबल्या, वाफा सहात आज पाच फुलां इली?"

"हय."

"सकाळीच डुकरान पाचय झाडां लोळवल्यान. मी थयसरसून आताच येतंय."

मी खाली बघितलं. तो चिडला नाही. सुंभ माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "सोड."

सुंभाची गाठ एकदा आवळली की सुटत नाही. पाच गाठी सोडवताना माझी दोन नखं उलटली. तो समोर बसून होता. मदत केली नाही. शेवटची सुटली तेव्हा म्हणाला, "रिकामी जागा परवडता रे. खोटी गाठ नको."

वहीत माझं नाव येणार म्हणून मी घाबरून बघितलं. त्याने लिहिलं होतं, "वाफा सहा: रानडुक्कर."

दोघांपैकी कोणतं, ते लिहिलं नव्हतं.

*

गावात आमचे एक वैद्यबुवा आहेत. दादाचे दोस्त आणि करडईचे दुष्मन. त्यांच्या ग्रंथात म्हणे सगळ्या तेलांत करडईचं तेल वाईट लिहिलंय. दादा त्यांना म्हणायचा, "बुवा, ग्रंथ लिवणाऱ्यान त्येच्यात बांगडो तळून बघूक नसतलो."

दादा वाळवलेल्या पाकळ्या बाटलीत भरून देवाच्या फळीवर ठेवायचा, कारण घरात तेवढीच जागा कोरडी. आमच्याकडे सत्यनारायण होता. आईने बाटली बघितली. लाल-केशरी काड्या. तिला वाटलं पोराने केशर आणलं. शिऱ्यात चांगली मूठभर घातली.

पंगतीत वैद्यबुवांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वयनी, केशर जातिवंत आसा. काश्मिराकडचा. माका वासार कळता."

दादाच्या नाकातून पाणी आलं. सगळ्यांना वाटलं ठसका लागला.

तो तिथे बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन बुवांच्या ओसरीवर गेला आणि नुसती समोर ठेवली. बुवांनी बाटली बघितली. दादाकडे बघितलं. उठून आत गेले, बऱ्याच वेळाने ग्रंथ घेऊन बाहेर आले, पान उघडून बोट ठेवलं.

"सुधाकरा, हयसर तेलाक नावां ठेवल्यानी हत. फुलाक नाय. मी तपासलंय."

तेव्हापासून बुवा पाकळ्यांच्या बाजूने.

*

मग दोघांनी मिळून गुडघ्यांचा प्रयोग काढला. लावणीच्या चिखलात वाकून वाकून आमच्या बायकांचे गुडघे जातात. बुवा म्हणाले, पाकळ्यांचा काढा देऊन बघू. दादा म्हणाला, नुसतं देऊन कळणार नाही. आठ बायका घेऊ. चौघींना करडईच्या पाकळ्या, चौघींना वाळवलेल्या जास्वंदीच्या. दोन्ही लाल, दोन्ही निरुपद्रवी. कोणाला काय दिलं ते बायकांना सांगायचं नाही. यादी पाकिटात बंद करून बुवांच्या पेटीत. महिन्याने विचारायचं कोणाचे गुडघे सुधारले, मग पाकीट फोडायचं.

महिन्याने आठही जणींना बोलावलं. एकेकीला विचारलं. पहिली म्हणाली, बरं वाटतं. दुसरी म्हणाली, बरं वाटतं. आठवीपर्यंत सगळ्यांना सारखंच बरं. दादा आणि बुवा एकमेकांकडे बघायला लागले. जास्वंदीचा नवा गुण सापडला म्हणून बुवा तर लिहायलाच बसले.

काकी म्हणाली, "कसलो गुण? तुमी कोणाक बरा दिल्यात, कोणाक वायट, ह्या आमका काय म्हायत? पयल्याच दिवशी आमी सगळ्यो पुडयो एका टोपात वतलंव आणि आठ वाटे केलंव."

"काकी, पण कित्याक?"

"एकाच आवाठात कोणाक एक, कोणाक दुसरा? भांडणां व्हतली मरे."

आमच्या आवाठात, म्हणजे वाडीत, रापणीची मासळी असो की देवळातला नारळ, वाटे सारखेच पडतात. हे दादाला माहीत नव्हतं असं नाही. तो इथेच वाढलेला. शिकताना तेवढंच विसरला होता. तो ओसरीवर आडवा होऊन हसला. हसता हसता त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, "प्रयोग फसला. गुडघे बरे आहेत."

साहेबांनी विचारलं, "कोणाचे?"

"सगळ्यांचे, सर."

*

तिसऱ्या वर्षी फुलोरा नुकता सुरू झाला होता आणि दादाला कावीळ झाली. बुवांनी नाडी बघितली आणि औषध न देता स्वतः गाडी करून त्याला कुडाळला नेलं. दवाखान्यात पाच दिवस ठेवला, मग घरी पाठवला. डोळे हळदीसारखे.

काकी बघायला आली आणि उंबऱ्यातच रडायला लागली. दादा अंथरुणातून म्हणाला, "काकी, रडतस कित्याक? माझो फुलोरो सुरू झालो. अजून पिवळो आसा. लाल झालंय की तोडूक ये."

"मेल्या, तोंडार मारीन तुझ्या," काकी म्हणाली आणि हसली. मग बाहेर खळ्यात जाऊन तुळशीमागे बसली. बराच वेळ आत आली नाही.

त्याला वहीचा घोर होता. हे तिसरं वर्ष. फुलं काही थांबत नाहीत, रोजची रोज मोजावी लागतात. वाफा चारवर तर त्याचा सगळा जीव. पाकळ्या तोडलेला वाफा तोच. मी रोज सकाळी जाऊन मोजत होतो आणि सुंभं खुंट्यांवर टांगत होतो. त्याला उठून वहीत उतरवायची ताकद नव्हती. रोज विचारायचा.

"गाठी मारलंस?"

"मारलंय."

"खरी?"

"खरी."

"बरो झालंय की उतरवतंय."

अठरा दिवसांच्या गाठी खुंट्यांवर लोंबत होत्या. एकोणिसाव्या दिवशी पहाटे तो गेला.

*

आता शेवटचा. हा मी काकीलाही सांगितलेला नाही.

दादा गेल्यावर वही साहेबांनी फारमावर नेली होती आणि पुढची फुलं तिथेच मोजून घेतली होती. बाराव्या-तेराव्याचं झालं आणि त्यांचा निरोप आला. वही घेऊन घरी येतो, बाबलकडच्या गाठी उतरवून घेतो, महिनाअखेर वर पाठवायची आहे. मी आदल्या दुपारी गोठ्यात जाऊन बसलो. नवं सुंभ घेतलं आणि गाठी मारल्या. एक दिवस तीन, एक दिवस पाच, पुन्हा तीन. अठरा दिवसांच्या. चौथ्या खुंटीला टांगलं आणि त्याच्याकडे न बघता बाहेर गेलो.

साहेब एसटीने आले. आईशी बोलले. मग पडवीत चटईवर बसले, वही उघडली, पेनचं टोपण काढलं. "सांग."

मी पहिलं सुंभ काढलं. गाठी बोटाखालून सोडत आकडे सांगत गेलो. साहेब लिहीत गेले. एक झाला. दोन झाला. तीन झाला. तिसऱ्यात एका ठिकाणी गाठ नव्हती, तिथे म्हणालो, "त्या दिवशी दादाला कुडाळला नेलं. दोनच वाफे मोजून झाले होते." साहेबांनी शेरा लिहिला, "कर्मचारी आजारी."

"चार," साहेब म्हणाले.

मी चौथं काढलं. बाकीची सुंभं पडवीतल्या धुराने काळसर झालेली. हे पिवळंधमक. साहेबांनी बघितलं. मी पहिल्या गाठीवर बोट ठेवलं. "पहिल्या दिवशी तीन," एवढं म्हणालो आणि पुढची गाठ बोटाखालून जाईना.

"सर, ही खोटी आहे."

साहेबांनी पेन वर उचललं.

"खरी कुठे आहे?"

मी सांगितलं. त्या सकाळी माणसं जमली होती. बांबू आले होते. सुंभ कमी पडलं. कोणीतरी ओरडलं, "बाबल, सुंभ हाड रे." मी पडवीत धावलो आणि भिंतीवरून हाताला लागलं ते ओढून नेऊन दिलं. बांधणारा म्हणाला, "हेच्यात गाठीच गाठी, आवळणा नाय." मी ते ऐकलं. तरी मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी राख भरून आणली, पडवीत बसलो, समोर बघितलं तर चौथी खुंटी रिकामी.

 आत आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं.

मग साहेबांनी वाफा चारच्या आकड्यांच्या रिकाम्या रकान्यातून, पहिल्या दिवसापासून अठराव्यापर्यंत, एक उभी रेघ ओढली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. लिहिताना थांबले नाहीत. खाली सही केली, तारीख घातली आणि वही माझ्याकडे फिरवली.

"वाच."

मी एकेक अक्षर लावत वाचलं.

"वाफा चार, दिवस अठरा: निरीक्षणे सुधाकर परब यांच्याकडे आहेत."

"वाचलंस?"

"हो, सर."

"मग पाच नंबर सांग."